काय सोडणार ते आधी सांगा

दहावीला गणितात दीडशेपैकी एकशेअठ्ठेचाळीस मार्क मिळवलेला माणूस चाळिशीच्या उंबरठ्यावर पुन्हा अभ्यासाला बसला, की घरात तर्कवितर्क सुरू होतात. मुलाला वाटतं बाबांची परीक्षा आहे. बायकोला वाटतं नोकरी गेलीय आणि हा सांगत नाहीये. आईला वाटतं ते दोन मार्क कुठे गेले याचा शोध अखेर सुरू झाला. प्रत्यक्षात त्याला फक्त स्विच मारायचा असतो. हिंजवडीतल्या एका काचेच्या इमारतीतून उठून खराडीतल्या दुसऱ्या काचेच्या इमारतीत जाऊन बसायचं असतं, आणि मधे ‘सिस्टिम डिझाइन’ नावाची फेरी आडवी येते.

कोडिंगची फेरी एक वेळ घोकून निघते. ही निघत नाही, कारण या पेपरात बरोबर उत्तरच नाही. आमची पिढी ‘एकवीस अपेक्षित’वर वाढलेली. प्रश्न ऐकला की पान क्रमांकासकट उत्तर आठवायचं, यालाच आम्ही हुशारी म्हणत आलो. अशा माणसाला ‘तुम्ही काय मिळवाल’ यापेक्षा ‘तुम्ही काय सोडाल’ असं विचारणं म्हणजे जवळजवळ अपमानच.

हा अपमान करण्याचं काम बरीच वर्षं माझ्याकडे आहे. मी टेबलाच्या पलीकडे बसतो, म्हणजे मुलाखती घेतो. सुरुवातीला त्या इंग्रजीत चालतात, अडचण आली की हिंदीत येतात, आणि पुरत्याच अडकल्या की दोघांनाही एकमेकांचं आडनाव नीट दिसतं आणि पुढचं मराठीत होतं.

तयारीच्या टेबलावर एक जाडजूड इंग्रजी पुस्तक असतंच असतं. मार्टिन क्लेपमन यांचं, २०१७ सालचं, साडेपाचशेहून जास्त पानांचं, मुखपृष्ठावर रानडुक्कर. हे डुक्कर चक्क आपलं आहे. भारतीय रानडुक्कर, पुस्तकाच्या शेवटी तशी नोंदच आहे. कोकणात एका रात्रीत भाताची वाट लावतं, तेच. इकडे ते इंजिनिअरांच्या झोपेची लावतं. अनेकांच्या प्रती मी चाळल्या आहेत. पहिली चार प्रकरणं पिवळ्या हायलायटरने हळद लावल्यासारखी आणि पाचव्यापासून पुढे करकरीत कोरी. पाचव्या प्रकरणात रेप्लिकेशन येतं. एकच माहिती अनेक यंत्रांवर ठेवायची आणि ती सगळीकडे सारखी राहील अशी आशा करायची, ही ती भानगड. थोडक्यात, विषय जिथे सुरू होतो नेमक्या तिथेच माणूस पुस्तक मिटतो आणि यूट्यूब उघडतो.

मग तो माझ्यासमोर येतो आणि मी म्हणतो, “ट्विटर बनवून दाखवा.” (कंपनीचं नाव बदलून जमाना झाला, पण मुलाखतीत ते अजून ट्विटरच आहे, पुण्यात दुकान बंद पडलं तरी चौकाचं नाव तेच राहतं.) शेकडो इंजिनिअरांनी वर्षानुवर्षं खपून जे उभं केलं, ते पंचेचाळीस मिनिटांत. त्यातली पहिली पाच ‘माझा आवाज येतोय ना?’ यात जातात.

सुरुवात अंदाजाने करायची, हा शिरस्ता. दिवसाचे सेकंद ८६,४००. हा आकडा भागाकाराला भारी गैरसोयीचा, म्हणून जगभरचे उमेदवार तो एक लाख धरतात. आपल्याला तर लाख घरचाच. दहा कोटी माणसं, प्रत्येकजण दिवसातून दहादा उघडतो, झाले शंभर कोटी; भागिले एक लाख, म्हणजे सेकंदाला दहा हजार वाचनं. पावकी-निमकीच्या वंशात जन्मलेल्याला हे तोंडी यावं. येतंही. पण सांगायचं असतं मिलियन-बिलियनमध्ये, आणि लाख-कोटीतून तिकडे उडी मारताना तीन-चार शून्यं वाटेत गळतात. एकाने अख्ख्या ट्विटरला सेकंदाला दहा वाचनांवर आणून ठेवलं होतं. एवढ्याला सोसायटीच्या ऑफिसातला संगणकसुद्धा पुरतो, आणि तो पत्ते खेळायलाही मोकळा राहतो.

त्यानंतर फळ्यावर चौकोन येतात. लोड बॅलन्सर, सर्व्हर, डेटाबेस, क्यू, आणि सगळ्यांना जोडणारे बाण. बाण मारताना माणूस सुखी असतो. ट्विटरचा खरा तिढा मात्र एकाच ठिकाणी आहे. तुम्ही काही लिहिलंत, की ते तुमच्या प्रत्येक फॉलोअरच्या यादीत लगेच टाकून ठेवायचं, म्हणजे त्याने उघडलं की आयतं तयार. फॉलोअर दोनशे असतील तर दोनशे ठिकाणी लिहायचं, त्यात काही कठीण नाही. पण कोट्यवधी फॉलोअर असलेल्या एखाद्या नटाने नुसतं ‘गुड मॉर्निंग’ म्हटलं, तर कोट्यवधी याद्यांमध्ये लिहायचं, आणि ते संपेस्तोवर दुपार. म्हणून ट्विटरने बड्या मंडळींना वेगळं काढलं. त्यांचं लिखाण आधी वाटायचं नाही, वाचणाऱ्याने यादी उघडली की त्या क्षणी त्यात मिसळायचं. लिहिण्याचा भार वाचला, वाचण्याचा थोडा वाढला.

ही शेवटची ओळ उमेदवार बोलला तर मी खुर्चीत पुढे सरकतो. बहुतेक वेळा बोलत नाही. मग मला विचारावं लागतं.

“या डिझाइनमध्ये तुम्ही काय सोडलंत?”

“नाही सर, काही सोडलं नाही. सगळं कव्हर केलंय.”

“सगळं?”

“हो सर. कन्सिस्टन्सी आहे, अ‍ॅव्हेलेबिलिटी आहे, लेटन्सी पण कमी आहे.”

“आणि खर्च?”

“तो पण कमीच आहे सर.”

एवढं सगळं एकत्र मी फक्त बिल्डरच्या ब्रोशरमध्ये पाहिलं आहे.

इथे उमेदवाराला एकदम कॅप प्रमेय आठवतं आणि चेहऱ्यावर संकष्टीच्या चंद्राचा आनंद येतो. “सर, तीनातले दोन निवडायचे!” हे वाक्य त्याने सकाळी आंघोळीच्या वेळीही म्हटलेलं असतं. (तीन म्हणजे कन्सिस्टन्सी, अ‍ॅव्हेलेबिलिटी आणि पार्टिशन, म्हणजे यंत्रांमधला संपर्क तुटला तरी चालत राहणं.) या प्रमेयाचा इतिहास असा. एरिक ब्रूअर यांनी २००० साली पोर्टलंडच्या परिषदेत ही कल्पना मांडली. २००२ मध्ये एमआयटीच्या सेथ गिल्बर्ट आणि नॅन्सी लिंच यांनी तिची रीतसर सिद्धता दिली. आणि २०१२ मध्ये खुद्द ब्रूअर यांनी लेख लिहून सांगितलं, की ‘तीनातले दोन’ ही मांडणी दिशाभूल करणारी आहे. गुरूंनी बारा वर्षांनी सूत्र दुरुस्त केलं, शिष्यांनी मात्र झेरॉक्स बदलली नाही.

मुद्दा साधा आहे. दोन यंत्रांमधला संपर्क तुटलाय आणि नेमक्या त्याच वेळी कुणीतरी एका यंत्राला विचारलं, माझ्या खात्यात किती पैसे आहेत? आता दोनच गोष्टी करता येतात. आपल्याजवळचा आकडा ठोकून द्यायचा, तो शिळा असला तर असो. नाहीतर म्हणायचं, सध्या सांगता येत नाही, नंतर या. दुसरा पर्याय सरकारी कचेरीत फार पूर्वीपासून वापरात आहे, पण तिथे त्याला कुणी प्रमेय म्हणत नाही.

यावर एखादा बहाद्दर सांगतो, “मग मी पार्टिशन सोडतो.” म्हणजे संपर्क तुटणारच नाही असं तो धरून चालतो. पुण्यात राहून! ज्या रस्त्याने तो आला त्या रस्त्यावर आठवड्यात तिसऱ्यांदा जेसीबी लागलेला असतो, तरीही. २००८ च्या जानेवारीत इजिप्तमध्ये अलेक्झांड्रियाजवळ समुद्राखालच्या केबल्स तुटल्या, तेव्हा भारतातलं इंटरनेट रांगायला लागलं होतं. २०११ मध्ये तर जॉर्जियातल्या पंचाहत्तर वर्षांच्या एका आजींवर आरोप झाला, की तांब्याच्या शोधात खणता खणता त्यांच्या फावड्याचा घाव केबलवर बसला. शेजारचा आर्मेनिया देश काही तास इंटरनेटशिवाय बसून होता. एक देश आणि एक आजी. कुठल्याही डिझाइनच्या आकृतीत मला अजून आजींचा चौकोन दिसलेला नाही.

बरं, केबल धड आहे, आजी घरी आहेत, तरी सुटका नाही. डॅनियल अबादी यांनी २०१० साली नेमकं यावरच बोट ठेवलं, की संपर्क शाबूत असतानाही वेग आणि अचूकपणा यांतलं काहीतरी सोडावंच लागतं. मुंबई ते न्यूयॉर्क अंतर साधारण साडेबारा हजार किलोमीटर. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो. अगदी सरळ रेषेत केबल टाकली, जी कुणी टाकत नाही, तरी जाऊन येऊन सव्वाशे मिलिसेकंद लागणार. दोन्हीकडे नोंद झाल्याशिवाय ‘झालं’ म्हणायचं नाही, असं ठरवलं तर प्रत्येक वेळी हे भाडं भरा. अमेरिकेतला क्लायंट दर तिमाहीला विचारतो, हे दहा मिलिसेकंदांवर आणता येईल का? आणि आमच्याकडचा मॅनेजर मीटिंगमध्ये म्हणतो, “वुई विल ट्राय.” प्रकाशाकडे वशिला लावायचा राहिलाय तेवढा.

गूगलने तोही प्रयत्न जवळजवळ केला म्हणायचा. २०१२ च्या त्यांच्या स्पॅनर या डेटाबेसवरच्या निबंधात डेटा सेंटरांमध्ये जीपीएस आणि अणुघड्याळं बसवल्याची हकिकत आहे. अणुघड्याळ बसवून काय कळलं? तर आत्ता नक्की किती वाजले हे किती मिलिसेकंदांनी सांगता येत नाही, ते नेमकं कळलं. मग व्यवहार पक्का करण्यापूर्वी तेवढे मिलिसेकंद गप्प थांबायचं, अशी युक्ती. जगातल्या सर्वांत श्रीमंत कंपन्यांपैकी एकीने अपार पैसा ओतून थांबायचं कधी हे शिकून घेतलं, याचा मला फार आदर वाटतो. उमेदवार मात्र “स्पॅनर वापरू” अशा सुरात सांगतो, जणू ते कपाटात पान्ह्याशेजारीच पडलं आहे.

कॅशवाल्यांबद्दल जरा सविस्तर बोललं पाहिजे, कारण त्यांची संख्या मोठी आहे. या पंथाच्या मते जगातल्या प्रत्येक दुखण्यावर कॅश लावावी. डेटाबेस हळू आहे? रेडिस लावा. सर्व्हर दमलाय? रेडिस. लग्नाला उशीर होतोय? त्याचंही काहीतरी निघेल. आता कॅश म्हणजे काय, तर मघाचंच उत्तर पुन्हा झटकन देणं. बऱ्याचदा ते चालतं. माझा आणि एका तरुण उमेदवाराचा संवाद असा झाला:

“कॅशमधली माहिती किती वेळ ठेवणार?”

“पाच मिनिटं, सर.”

“म्हणजे कुणी फोटो बदलला, तर पाच मिनिटं इतरांना जुना दिसेल.”

“चालेल सर. फोटोच तर आहे.”

“बरोबर. आणि पासवर्ड बदलला तर?”

तो थांबला. पाच मिनिटं जुना पासवर्ड चालत राहिला तर काय, हे त्याच्या डोळ्यांसमोर उभं राहिलेलं मला दिसलं. मग तो उजळला. “पासवर्डसाठी वेगळी कॅश, सर!”

तुलनेने आमच्या ऑफिसखालच्या टपरीवाल्या मामांची समज पक्की आहे. टपरीवर तो बोलका डबा आहे, पैसे आले की रकमेसकट ओरडणारा. एका दुपारी नेटवर्क गेलं. आमच्यातल्या एकाने चहाचे पैसे यूपीआयने पाठवले. त्याच्या खात्यातून गेले, मोबाईलवर ‘पेंडिंग’, डबा गप्प. मामांनी गाळणं आपटत सांगितलं, “जावा हो, येतील. चहाचेच तर हायेत.” त्याच्यामागे उभा असलेला आमचा दुसरा एकजण महिन्याची उधारी भरत होता, चौदाशे रुपये. त्याचंही पेंडिंग. मामा म्हणाले, “तुम्ही जरा थांबा साहेब. डबा बोलू द्या.” आणि त्याला बाकावर बसवून ठेवलं. वर समाधान म्हणून अर्धा चहा दिला, तोही उधारीत मांडून.

टपरी एक, डबा एक, बिघाडही एकच, आणि निर्णय दोन. बारा रुपयांच्या व्यवहाराला धंदा चालू ठेवणं महत्त्वाचं, चौदाशेच्या व्यवहाराला खात्री महत्त्वाची. सगळ्या सिस्टिमला एकच नियम लावायची गरज नसते, व्यवहारागणिक तो बदलता येतो. हे ऐकण्यासाठी मी गोऱ्या चेहऱ्याच्या व्हाइटबोर्डसमोर तासन्‌तास बसतो, आणि इथे ते आलं किसता किसता झालं.

यूपीआयचं ‘पेंडिंग’ ही आपल्या देशातली या विषयाची सर्वांत मोठी शिकवणी आहे. २०१६ पासून ती चालू आहे आणि फी नाही. पाठवणाऱ्याची बँक वेगळी, घेणाऱ्याची वेगळी, मधे एनपीसीआयची यंत्रणा. पहिल्या बँकेने पैसे काढून घेतले आणि दुसरीकडे पोचले की नाही ते कळेना, अशा त्रिशंकू अवस्थेला आम्ही लोक ‘इव्हेंच्युअल कन्सिस्टन्सी’ असं भारदस्त नाव देतो. म्हणजे शेवटी सगळं जुळेल. शेवटी म्हणजे कधी, हे विचारलं की उमेदवार वर पंख्याकडे बघतो. रिझर्व्ह बँकेने पंख्याकडे बघितलं नाही. सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकात लिहून टाकलं: यूपीआयने पाठवलेले पैसे समोरच्या खात्यात जमा झाले नाहीत, तर जास्तीत जास्त दुसऱ्या दिवसापर्यंत आपोआप परत करा; त्यापुढे उशीर झाला तर ग्राहकाला रोज १०० रुपये द्या. ‘शेवटी’ची मुदत ठरली आणि चुकल्यास कोण किती भरणार तेही ठरलं. एवढं स्पष्ट डिझाइन डॉक्युमेंट मी आमच्या क्षेत्रात क्वचित वाचलंय, आणि ते लिहिणाऱ्यांना कुणी ट्विटर बनवायला सांगितलं नव्हतं.

अ‍ॅमेझॉनने २००७ साली त्यांच्या डायनॅमो या यंत्रणेवर निबंध लिहिला, तो या बाबतीत विलक्षण प्रामाणिक आहे. खरेदीच्या टोपलीत वस्तू टाकायला ग्राहकाला कधीही नकार मिळता कामा नये, हे त्यांनी आधी ठरवलं. त्याची किंमत अशी, की काढून टाकलेली वस्तू कधीकधी टोपलीत परत उगवते. नवऱ्याने काढलेला मिक्सर पुन्हा हजर. घरात त्यावरून काय व्हायचं ते होवो, दुकानाचं नुकसान नाही. चूक कुठल्या बाजूला झालेली आपल्याला परवडते, ते त्यांनी निवडलं. दुकानदार होते, आपल्या बाजूची निवडली.

रेल्वेचं तिकीट हा उलटा मासला. इथे एकच बर्थ दोघांना गेला तर मारामारी. “डबल बुकिंग होताच कामा नये,” असं प्रत्येक उमेदवार बजावून सांगतो आणि कुलपांची रचना काढायला घेतो. रेल्वेने मात्र आरएसी नावाखाली साइड लोअरचा एक बर्थ राजरोस दोघांना दिला आहे, पावतीसकट. दोघे अनोळखी प्रवासी रात्रभर गुडघे मिटून समोरासमोर बसतात आणि टीसीच्या तोंडाकडे बघतात. डबल बुकिंग थांबवता येत नसेल तर ते नियमात बसवायचं, हा विचार सिलिकॉन व्हॅलीतही कुणाला सुचला असता का, याची मला शंका आहे.

आता पॅक्सॉस. अनेक यंत्रांनी एका गोष्टीवर एकमत कसं करायचं, याची ही रीत. लेस्ली लॅम्पोर्ट यांनी ती ग्रीसमधल्या पॅक्सॉस बेटावरच्या एका काल्पनिक प्राचीन संसदेची कथा म्हणून लिहिली. तिथले सदस्य मधूनच कामाला निघून जात, निरोपे विसरत, तरी कायदे होत. व्याख्यानं द्यायला तर ते इंडियाना जोन्ससारखी हॅट घालून जात. १९९० मध्ये निबंध पाठवला. परीक्षक म्हणाले, ते पॅक्सॉसचं काढा. लॅम्पोर्ट काढीनात. निबंध छापून आला १९९८ मध्ये. एकमताच्या निबंधावर एकमत व्हायला आठ वर्षं लागली. (विनोद केला तर विद्वानांना कळत नाही, हे दुःख आम्ही लेख लिहिणारेही जाणतो.) तरी लोकांना रीत कळेना, म्हणून २०१४ मध्ये स्टॅनफर्डच्या दोघांनी राफ्ट आणलं, समजायला सोपं असणं हेच त्याचं जाहीर उद्दिष्ट. आता मुलाखतीत उमेदवार ‘राफ्ट’ म्हणतो, मी मान हलवतो, आणि पॅक्सॉसच्या तपशिलात कुणी कुणाला न्यायचं नाही यावर आमचं एकमत एकही निरोप न पाठवता होतं.

राहता राहिला निरोप पोचवण्याचा प्रश्न. मी निरोप पाठवला, पोच आली नाही. निरोप हरवला की पोच हरवली? कळायला मार्ग नाही. पुन्हा पाठवला तर दोनदा पोचायची भीती, नाही पाठवला तर एकदाही न पोचायची. बहुतेक यंत्रणा पुन्हा पाठवतात, आणि घेणाऱ्याने दुसरा निरोप ओळखून टाकून द्यावा अशी व्यवस्था करतात. ज्यांनी ती केलेली नसते ते पडद्यावर लिहितात, ‘कृपया बॅक किंवा रिफ्रेश दाबू नका.’ म्हणजे काही लाखांच्या यंत्रणेचा शेवटचा खांब तुमचा अंगठा. फॉर्म भरताना श्वास रोखून बसलेला तो अंगठा ज्याने पाहिलाय, त्याला पुढचं समजावून सांगावं लागत नाही.

माझ्या परिचयातला एकजण हा सगळा अभ्यास करून, रानडुकराची बाराही प्रकरणं वाचून, एका कंपनीत लागला. लागून दोन महिने झाले असतील, तोच त्याला त्याच कंपनीच्या एचआरकडून मेल आला: आपली प्रोफाइल आम्हाला आवडली, याच पदासाठी पहिल्या फेरीला गुरुवारी येऊ शकाल का? उघड होतं, कुठल्याशा क्यूमधून निरोप दुसऱ्यांदा सुटला होता आणि तो टाकून द्यायची सोय कुणी केली नव्हती. मी म्हटलं, तुमच्या टीमला कळव, चांगला बग आहे. तो म्हणाला, “कळवणार होतो रे. पण मेलमधला पगाराचा आकडा बघितलास का? माझ्यापेक्षा चार लाखांनी जास्त आहे.”

गुरुवारी त्याने सुट्टी टाकली.